गोळ्या सुरू झाल्या, पुढे काय? कुष्ठरोगाबद्दल नागपुरात आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण सक्करदऱ्याकडच्या एका समाजभवनाच्या ओसरीत टबात पाय बुडवून बसतो. सगळ्यांना कधी ना कधी कुष्ठरोग झालेला आणि सगळ्यांची औषधं पूर्ण झालेली. पाय भिजेपर्यंत बोलणं होतं. बाहेरून येणारे लोक आधी लांब उभे राहतात, मग हळूच विचारतात. गेल्या काही वर्षांत तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले, की शेवटी लिहूनच काढावेत असं ठरलं. लिहिणारी मी, म्हणून माझ्याही गोष्टी यात आल्या आहेत. मी शिवणकाम करते. सत्ताविसाव्या वर्षी मला हा आजार झाला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

अंगावर चट्टा आहे. तो कुष्ठरोगाचा आहे हे कसं कळेल?

चट्टा आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट किंवा लालसर असतो आणि तिथे संवेदना कमी असते किंवा अजिबात नसते. खाजत नाही, दुखत नाही, म्हणून तर माणूस दुर्लक्ष करतो. घरी एक साधी गोष्ट करून बघता येते. डोळे मिटायचे, दुसऱ्याने कापसाची वात किंवा बॉलपेनचं टोक हलकेच टेकवायचं आणि कुठे टेकवलं ते आपण बोटाने दाखवायचं. चांगल्या कातडीवर बरोबर दाखवता येतं, चट्ट्यावर चुकतं.

चट्टा नसतानाही हा आजार असू शकतो. कातडी तेलकट, चकचकीत, जाडसर होणं, कानाच्या पाळ्यांवर गाठी, भुवयांचे केस विरळ होणं, हातापायांत मुंग्या, चालताना चप्पल पायातून निसटली तरी न कळणं, यातलं काहीही दिसलं तर दाखवून घ्या. आमच्या गटातले एक भाऊ सांगतात, "चप्पल मागं राह्यली अन् मी पुढं चाल्लो होतो, पोरगं मागून वरडलं तवा समजलं."

माझं इस्त्रीवर कळलं. ब्लाउजच्या बाह्यांना इस्त्री करत होते आणि जळाल्याचा वास आला. मला वाटलं कापड जळालं, म्हणून इस्त्री उचलली. कापड ठीक होतं. माझ्या हाताची करंगळीकडची कड इस्त्रीला टेकून भाजली होती आणि मला काहीच जाणवलं नव्हतं. दंडावरच्या चट्ट्याला त्याआधी वर्षभर एका डॉक्टरांनी दिलेलं नायट्याचं मलम मी लावत होते. चट्ट्यावर स्पर्श कळतो का, एवढं त्यांनी एकदाही तपासलं नाही. ते वर्ष वाया गेलं नसतं तर माझी बोटं वाकली नसती, असं मला आजही वाटतं.

कोड म्हणजे कुष्ठरोगच ना?

नाही. कोडात कातडीचा रंग जातो आणि डाग दुधासारखे पांढरे दिसतात, पण स्पर्श, गरम-गार सगळं कळतं. कोड कोणालाही कोणापासून होत नाही. शिबं आणि नायटा बुरशीमुळे होतात. या तिन्हींत बधिरपणा नसतो. गावाकडे अजून कोड असलेल्या मुलीचं लग्न "रक्तपितीवाली" म्हणून मोडतात, म्हणून हे इतकं स्पष्ट लिहिते आहे.

हा मागच्या जन्मीच्या पापाचा रोग आहे असं म्हणतात.

हा एका जंतूचा रोग आहे. नॉर्वेच्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी 1873 साली तो जंतू शोधला. क्षयरोगाच्या जंतूचा हा भाऊबंदच. फरक इतकाच, की हा फार सावकाश वाढतो आणि कातडीबरोबर नसांवर बसतो. अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. त्यामुळे कोणापासून आला हे शोधत बसण्यात अर्थ नसतो.

शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने होतो का?

औषध सुरू न केलेल्या रुग्णाच्या श्वासातून, खोकल्या-शिंकेतून जंतू बाहेर पडतात आणि दीर्घकाळ अगदी जवळ राहणाऱ्याच्या नाकावाटे आत जाऊ शकतात. तरीही शंभरातल्या साधारण पंचाण्णव जणांच्या शरीरात या जंतूला हरवण्याची ताकद उपजतच असते. हात मिळवल्याने, एका बाकावर बसल्याने, एकाच माठातलं पाणी प्यायल्याने हा होत नाही. आईबापाकडून रक्तात येत नाही. औषधाचा पहिला डोस पोटात गेला की बहुतेक सगळे जंतू मरतात आणि लवकरच त्या माणसापासून धोका उरत नाही.

घरातल्या इतरांसाठी आता प्रतिबंधक औषधही आहे. घरचे आणि जवळचे शेजारी तपासून, कुणाला आजार नाही हे पाहून, रिफाम्पिसिनचा एकच डोस देतात. दोन वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला तो देत नाहीत. आशाताई घरी आल्या तर त्यांना परत पाठवू नका.

नागपुरात कुठे दाखवायचं?

जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात किंवा गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. खात्री करून घ्यायची असेल तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात, किंवा मिहानच्या एम्समध्ये. जिल्ह्याचं कुष्ठरोगाचं काम सहायक संचालक, आरोग्य सेवा (कुष्ठरोग) यांच्या कार्यालयाकडे असतं. औषध सगळीकडे फुकट आहे. कोणी विकत घ्यायला सांगत असेल तर तिथून उठा आणि सरकारी दवाखान्यात जा.

औषध काय असतं, किती दिवस?

बहुविध औषधोपचार म्हणतात त्याला. दवाखान्यात सगळे "एमडीटी" म्हणतात. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन. जागतिक आरोग्य संघटनेने 1981 साली ही पद्धत सुचवली. त्याआधी एकट्या डॅप्सोनवर लोक वर्षानुवर्षं काढत. पाचपर्यंत चट्टे असतील तर साधारण सहा महिने, त्याहून जास्त चट्टे किंवा एकापेक्षा जास्त नसा धरल्या असतील तर बारा महिने. अठ्ठावीस दिवसांचं एक पाकीट मिळतं. पहिल्या दिवसाचा मोठा डोस कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा, बाकीच्या गोळ्या घरी.

लघवी लाल झाली, अंग काळं पडलं. औषध बंद करू का?

बंद करू नका. लघवीचा लाल रंग रिफाम्पिसिनचा, एक-दोन दिवसांत जातो. पहिल्यांदा मी घाबरून रात्री नवऱ्याला उठवलं होतं. काळेपणा क्लोफाझिमिनचा, उपचार संपल्यावर काही महिन्यांत हळूहळू उतरतो. बायकांना याचा फार त्रास होतो, कारण "अगं, किती काळी पडलीस" हे वाक्य नागपुरात कोणीही रस्त्यात उभं राहून म्हणतं. "उन्हानं" एवढं सांगून पुढे चालू पडायचं, मी तेच केलं. पण अंगावर पुरळ उठून कातडी सुटायला लागली, डोळे पिवळे झाले किंवा चालताना धाप लागायला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

मध्ये गोळ्या सुटल्या तर?

परत सुरू करा आणि दवाखान्यात खरं ते सांगा. सहा पाकिटं नऊ महिन्यांत आणि बारा पाकिटं अठरा महिन्यांत पूर्ण झाली तरी उपचार पूर्ण धरतात. वीटभट्टीवर, कापूस वेचायला, बांधकामावर बाहेरगावी जायचं असेल तर आधी सांगितल्यास जास्तीची पाकिटं बरोबर देतात किंवा जिथे जाणार तिथल्या केंद्रासाठी चिठ्ठी देतात.

गोळ्या नीट चालू असताना चट्टे अचानक लाल झाले, सुजले, नस ठणकते. औषध लागू पडलं नाही का?

ही रिअ‍ॅक्शन. जंतूंविरुद्ध, मेलेल्यासुद्धा, शरीर पेटून उठतं. उपचाराआधी, उपचार चालू असताना, संपल्यानंतरही ती येऊ शकते. ताप येतो, अंगावर दुखऱ्या गाठी उठतात, कोपराजवळची किंवा गुडघ्यामागची नस दुखते. कधी काहीच दुखत नाही, पण हाताची पकड सैल होते किंवा पाऊल उचलेनासं होतं. याच वेळी नसा कायमच्या जातात. एमडीटी चालू ठेवून वर स्टेरॉइड देतात, आठवडेच्या आठवडे, हळूहळू कमी करत. नसेची ताकद जाऊन सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू झाला तर ती परत येण्याची चांगली आशा असते. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. "सोमवारी जाऊ", "सण झाला की जाऊ" असं करू नका.

औषध पूर्ण झालं, "तुम्ही बरे झालात" असं सांगितलं. मग बधिरपणा का गेला नाही?

हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज खाली जातो. त्यांना वाटतं, आपल्याला फसवलं.

रोग खरंच गेलेला असतो. जंतू मेले, तुमच्यापासून कोणालाही काही होणार नाही. पण जंतूंनी जी नस आधीच खाल्ली, ती गोळीने परत येत नाही. बहुतेक वेळा नुकसान होतं ते कोपराच्या आतल्या कडेच्या, मनगटाच्या, गुडघ्याच्या बाहेरच्या, घोट्याच्या आणि चेहऱ्याच्या नसांचं. त्यामुळे करंगळी-अनामिका वाकतात, पाऊल लोंबतं, तळवा बधिर होतो, डोळा पूर्ण मिटत नाही.

आणि बोटं "झडतात" हेही खरं नाही. बोटं रोगाने गळून पडत नाहीत. दुखत नाही म्हणून भाजतं, कापतं, खडा रुततो. जखम तशीच वापरली जाते, त्यात पू होतो, हाडाला लागतो आणि हाड झिजत जातं. दुखणं म्हणजे शरीराची राखण. ती राखण नसेल तर आपल्यालाच डोळ्यांनी राखण करावी लागते, रोज. औषध बारा महिन्यांचं, पण हे काम आयुष्यभराचं. आम्ही शनिवारी जमतो ते यासाठीच, कारण एकट्याने रोज करायचं म्हटलं की पंधरा दिवसांत कंटाळा येतो.

ही रोजची काळजी नेमकी कशी घ्यायची?

संध्याकाळी टबात साधं पाणी घ्या. गरम नको, बधिर पायाला उकळतं आणि कोमट सारखंच लागतं, म्हणून पाणी चांगल्या हाताने किंवा कोपराने तपासा. वीसेक मिनिटं पाय बुडवून बसा. कडक झालेली कातडी वजरीने किंवा खरबरीत दगडाने हलकेच घासा, ब्लेड अजिबात लावू नका. पाय ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा, म्हणजे ओलावा आत राहतो. मग आरसा जमिनीवर ठेवून तळवा बघा. लाल जागा, फोड, भेग, रुतलेला काटा. लाल जागा दिसली तर उद्या चालणं कमी. जखम असेल तर स्वच्छ धुऊन, स्वच्छ कापड बांधून पायाला आराम. आराम पडला की तळव्याची जखम भरते. मलमं बदलत राहून आणि चालतही राहून ती भरत नाही, हे आमच्यातल्या निम्म्या जणांनी स्वतःच्या पायावर शिकलेलं आहे.

चप्पल एमसीआरची. वरून कुठल्याही चपलेसारखी, आत मऊ सूक्ष्मछिद्री रबर, खाली कडक तळ, मागे पट्टा. सरकारी दवाखान्यातून फुकट मिळते. पूर्वीच्या चपला अशा दिसायच्या की लांबून ओळखू यायचं, "तो रोग आहे याला". लोक त्या पिशवीत ठेवत आणि गल्लीबाहेर गेल्यावर घालत. आता बऱ्या दिसतात. घालायच्या आधी रोज उलट्या करून झटका.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायलाच हवं. नवतपात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, डांबरी रस्ता तव्यासारखा तापतो. चांगल्या पायाचा माणूस उड्या मारत सावली गाठतो. आपल्याला कळत नाही, संध्याकाळी तळव्यावर पाण्याने भरलेला फोड दिसतो. देवळात चप्पल काढून दुपारी प्रदक्षिणा घालू नका. दर्शनाला पहाटे जा. स्कूटरच्या सायलेन्सरला पोटरी टेकते, तिकडे लक्ष ठेवा. थंडीत शेकोटीपासून लांब बसा. स्वयंपाकघरात सांडशी, लाकडी मुठीचा सराटा, चहाच्या कपाला फडकं. काचेच्या ग्लासात टपरीवरचा चहा घेताना मी रुमाल गुंडाळते. कोणी विचारलं तर "पोळतो" म्हणते, आणि ते खोटंही नाही.

डोळ्यांचं काय?

डोळा पूर्ण मिटत नसेल तर मुद्दाम पुन्हा पुन्हा मिटायची सवय करा, बाहेर गॉगल लावा, झोपताना डोळ्यांवर स्वच्छ कापड घ्या. डोळा लाल झाला, अंधुक दिसलं तर थांबू नका.

वाकडी बोटं, लोंबणारं पाऊल नीट होतं का?

पुष्कळांचं होतं. चांगल्या स्नायूची दोरी वळवून निकामी झालेल्या ठिकाणी जोडतात, अशी ती शस्त्रक्रिया असते. औषध पूर्ण झालेलं हवं, निदान सहा महिने रिअ‍ॅक्शन आलेली नसावी, सांधे मऊ हवेत. सांधे आखडले तर शस्त्रक्रियेचा उपयोग कमी होतो, म्हणून वाट बघत असतानाही तेल लावून बोटं रोज सरळ करत राहायचं. शस्त्रक्रिया सरकारी खर्चाने होते आणि मजुरी बुडते म्हणून रुग्णाला पैसेही मिळतात. ही रक्कम पूर्वी 8,000 रुपये होती, आता 12,000 आहे.

खरी मेहनत नंतर असते. प्लास्टर निघाल्यावर हात आपला वाटत नाही. जो स्नायू आधी एक काम करायचा त्याने आता दुसरं करायचं, आणि ते मेंदूला शिकवावं लागतं. फिजिओथेरपीच्या ताई मला वाटीतून शेंगदाणे उचलायला लावायच्या, एकेक. पहिल्या दिवशी अकरा उचलले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "खाल्ले किती?" तीन आठवड्यांनी मी सुईत दोरा ओवला. करंगळी अजून थोडी वाकडी आहे, ब्लाउज मात्र सरळ शिवते.

लग्न करता येतं का? मुलं?

येतं. मुलांना जन्मतः हा रोग होत नाही. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना एमडीटी चालू ठेवता येतं. आईच्या दुधातून क्लोफाझिमिन गेल्याने बाळाचा रंग थोडा गडद होऊ शकतो, तो नंतर जातो. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत रिअ‍ॅक्शनची शक्यता वाढते, तेव्हा आईच्या हातापायांची ताकद तपासून घ्या. सगळं लक्ष बाळाकडे असतं आणि आईचं पाऊल लोंबायला लागलेलं कोणाच्या लक्षात येत नाही.

लग्नाआधी सांगावं का, हे मुली विचारतात. मी म्हणते सांग, आणि सांगायला जाताना औषध पूर्ण झाल्याचं कार्ड आणि एक डॉक्टर बरोबर ने. लपवलेलं नंतर कळतं तेव्हा रोगापेक्षा लपवण्याचाच राग जास्त येतो.

घरच्यांनी ताट-वाटी वेगळी केली आहे. काय करू?

भांडू नका असं मी सांगणार नाही. पण भांडून फार थोड्यांचं ताट परत आलं आहे. उपयोगी पडतं ते असं, की ज्याचं घर ऐकतं त्या माणसाला दवाखान्यात न्यायचं. सासरे, मोठा दीर, गावची एखादी शिकलेली आत्या. आणि डॉक्टरांना विनंती करायची, की "हे आता कोणाला लागत नाही" हे वाक्य आमच्याऐवजी यांना सांगा.

माझा ग्लास खिडकीत ठेवलेला असायचा. कोणी ठेवला ते मी कधी विचारलं नाही. त्यापेक्षा मला लागलं ते काम बंद झाल्याचं. आमच्या गल्लीत दिवाळीच्या आधी माझ्याकडे ब्लाउजपिसांचा ढीग असायचा, त्या वर्षी चार आले. मग मागच्या गल्लीतल्या काकू आल्या. मुलीचं लग्न ठरलं होतं. सात ब्लाउज पुढ्यात टाकले आणि म्हणाल्या, "माप घे न बाई, अशी काय पाहून राह्यली?" मुलीला माझ्यासमोर उभं केलं. माझा हात तिच्या पाठीवर, दंडावर, गळ्याशी. काकू खुर्चीत बसून चहा पीत होत्या. लग्नात त्या सगळ्यांना सांगत सुटल्या, की ब्लाउज मी शिवलेत. पुढच्या दिवाळीला ढीग परत आला.

म्हणून कोणी "आम्ही काय मदत करू" असं विचारलं की मला दरवेळी काकूंचे ते सात ब्लाउज आठवतात. फळं वाटायला येऊ नका. काम द्या, आणि काम चांगलं झालं तर चार जणांना सांगा.

नोकरीच्या ठिकाणी सांगणं गरजेचं आहे का?

नाही. तुमचा आजार ही तुमची खासगी बाब आहे. पण बधिर हातांना इजा होईल असं काम असेल, भट्टी, वेल्डिंग, धारदार यंत्र, तर हातमोजे किंवा कामात बदल मागण्यापुरतं सांगावं लागतं. औषध पूर्ण झाल्याच्या कार्डाला लॅमिनेशन करून ठेवा.

रेशन दुकानात अंगठा उठत नाही.

आमच्या ओसरीतला हा सगळ्यात कडवट प्रश्न. बोटं झिजलेली, कातडी गुळगुळीत, आणि मशीन माणसाला ओळखत नाही. आधार काढताना बोटांचे ठसे येत नसतील तर फक्त डोळ्यांच्या बुबुळांवरून नोंदणी होते, तशी तरतूद आहे. मोबाइल नंबर आधारला जोडून ठेवा म्हणजे ओटीपीने काम होतं. दुकानदार नाहीच म्हणाला तर तहसीलच्या अन्नपुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एका आजीला तीन महिने धान्य मिळालं नाही. आम्ही पाच जण तिच्याबरोबर जाऊन उभे राहिलो, तेव्हा त्याच दिवशी मिळालं. एकट्या आजीला ते का देता आलं नाही, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

सरकारी योजना कोणत्या?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कुष्ठरोगाचा समावेश आहे. तहसील कार्यालयात किंवा सेतूत चौकशी करा, उत्पन्नाचा दाखला लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये "कुष्ठरोगमुक्त व्यक्ती" हा स्वतंत्र उल्लेख आहे. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाचा फायदा मिळू शकतो. त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, काढा. एसटी आणि रेल्वेत सवलत असते, दवाखान्याचा दाखला लागतो.

बायकोला कुष्ठरोग आहे म्हणून नवरा घटस्फोट मागू शकतो का?

आता नाही. 2019 साली संसदेने कायदा करून विवाहाच्या वेगवेगळ्या कायद्यांतून कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण काढून टाकलं. इंग्रजांच्या काळातला 1898 चा कायदा, ज्याखाली कुष्ठरोगी माणसाला पकडून वेगळं ठेवता येत असे, तो 2016 मध्ये रद्द झाला. वकील जुनं पुस्तक घेऊन बसला असेल तर त्याला ही वर्षं सांगा.

घरात ठेवण्यापेक्षा आनंदवनात पाठवलेलं बरं नाही का?

विदर्भाने या आजारासाठी जे केलं त्याचा मला अभिमान आहे. 1936 मध्ये मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केलं. सेवाग्रामला गांधीजी स्वतः कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या अंगाला मालिश करत. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन उभं राहिलं. वरोऱ्याजवळच्या उजाड माळावर बाबा आमटे आणि साधनाताईंनी आनंदवन वसवलं, नागपूरजवळ अशोकवन झालं. त्या काळात औषध नव्हतं किंवा अपुरं होतं, गावं माणसाला हाकलत होती, म्हणून ही गावं वसवावी लागली. सुरुवातीला आनंदवनची भाजी घ्यायला वरोऱ्यात लोक घाबरत. पुढे 1964 मध्ये आनंदवनातच महाविद्यालय उघडलं आणि ज्या लोकांना गावाने बाहेर काढलं होतं, त्यांच्या दारात गावची मुलं शिकायला येऊ लागली.

पण तुमच्या आईला आज लागण झाली असेल तर तिला कुठेही पाठवायचं कारण नाही. तिने सकाळी गोळी घ्यावी आणि आपल्याच चुलीवर आपल्याच नातवंडांना पोळी करून घालावी. शस्त्रक्रिया, जखमेचा उपचार, हातकाम शिकणं यासाठी अशा संस्थांत काही दिवस राहणं वेगळं. घरच्यांना नकोसं झालं म्हणून सोडून येणं, आणि त्याला सेवेचं नाव देणं, हे मला मान्य नाही.

भारतातून कुष्ठरोग गेला असं वाचलं होतं.

2005 च्या डिसेंबरात देशाचं प्रमाण दहा हजारांमागे एकापेक्षा खाली आलं आणि "सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून निर्मूलन" झाल्याचं जाहीर झालं. लोकांनी त्यातलं फक्त "निर्मूलन" ऐकलं. आजही जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त भारतात असतात, आणि आपल्या पूर्व विदर्भात तर नवे रुग्ण सापडतच आहेत. त्यात लहान मुलं असतात, म्हणजे आसपास कोणीतरी अजून बिनऔषधाचं आहे. घरोघर तपासणीची मोहीम येते तेव्हा शर्ट काढायला लाजू नका. बायकांनी आशाताईला आत नेऊन पाठ दाखवावी. पाठीवरचा चट्टा आपल्याला स्वतःला कधीच दिसत नाही.

कुष्ठरोगी म्हणावं की काय म्हणावं?

औषध चालू आहे तोवर रुग्ण. औषध झालं की नावाने हाक मारा. महारोगी हा शब्द जुन्या संस्थांच्या नावांत आहे, तिथे राहू द्या.

शनिवारच्या बैठकीला यायला काय लागतं?

काही लागत नाही. नाव सांगायचं नसेल तर नका सांगू. एक भाऊ चार महिने नाव न सांगता येत होते. पहिल्या दिवशी पाय दाखवायचे नसतील तर नुसते बसा. घरचं कोणी बरोबर आलं तर फारच चांगलं, त्यांनाही वजरी कशी धरायची ते दाखवतो. एक टॉवेल घेऊन या. टब आमच्याकडे आहेत आणि पाणी आम्ही आधीच भरून ठेवतो.